आमच्या घरची राखण

न्यूझीलंडमधल्या ज्या लहानशा गावात मी मुलींना फुटबॉल शिकवतो, तिथल्या क्लबात माझ्याबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक आहेत. मी कुणावर ओरडत नाही, आणि मी कुणाची ड्यूटी माफ करत नाही. न ओरडणं मला तिथे शिकावं लागलं. ड्यूटीचा नियम मात्र मी पोलादपूर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून नेला आणि त्याचा मला फार दिवस गर्व होता.

वाडी कुडपणच्या बाजूला, डोंगराच्या माथ्यावर. पंधरा-वीस उंबरे, प्रत्येकाच्या गोठ्यात दोन-चार म्हशी, कुणाकडे बैलजोडी. पावसाळ्यात खाचरांत भात आणि उतारावर नाचणी-वरी उभी असते, तेव्हा गुरं मोकळी सोडता येत नाहीत. म्हणून सगळ्या वाडीची गुरं एकत्र करून रोज एका घराने वरच्या सड्यावर, म्हणजे मोकळ्या पठारावर, चारायला न्यायची. माथ्याकडच्या घरापासून सुरुवात करून खालच्या घरापर्यंत यायचं, की पुन्हा वरून. याला आम्ही राखण म्हणतो. राखणीला घरातलंच माणूस जातं. म्हातारा जाईल, सून जाईल, शाळा बुडवून पोर जाईल, पण घरचं. ज्या घरातून राखणीला माणूस निघतं ते घर वाडीचं. ज्या घराला कुलूप लागलं त्याची राखण बंद होते, आणि मग देवळातल्या बैठकीत त्या घराला कुणी काही विचारत नाही. भात कापून झालं की गुरं मोकाट सुटतात आणि राखण संपते.

लहानपणी राखणीच्या दिवशी मी रडायचो. पायाला जळवा लागायच्या, भाकरी भिजायची, आणि म्हशी नेमक्या दुसऱ्याच्या नाचणीकडे पळायच्या. एकच गोष्ट मला आवडायची, ती म्हणजे हाक. आमच्याकडे या टेकाडावरून त्या टेकाडावर हाक मारायची तर पोटातून आवाज काढावा लागतो. बाबांची हाक ऐकून म्हशी मान वर करायच्या. माझी ऐकून आधी हसायच्या असं बाबा म्हणत, पण पुढे तीही चांगली पोचायला लागली.

आठवीत मला महाडला बोर्डिंगात घातलं. तिथे फुटबॉल भेटला, तोही शाळेत नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यांत केरळची, बंगालची माणसं कामाला होती. पाळी सुटली की ती एका मोकळ्या प्लॉटवर खेळायची. घर सोडून आलेली माणसं होती ती, संध्याकाळी खोलीवर जाऊन करणार काय? एक दिवस त्यांना गोलकीपर कमी पडला आणि मी कुंपणाशी उभा होतो. त्यांची भाषा मला येत नव्हती, माझी त्यांना. पण डोंगरावरच्या हाकेने मी अख्खी टीम मागून हाकायला लागलो आणि ते खूश झाले. मला खेळ यथातथाच जमला. कोण कुठे उभा आहे आणि कोण कुठे असायला हवा, हे मात्र चटकन दिसायचं. ते सड्यावर शिकलेलं होतं. गुरं राखणाऱ्याची नजर एका म्हशीवर नसते, कळपावर असते.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात मिरवण्यासारखं काही नाही. मुंबईत कोचिंगची परीक्षा दिली, दोन शाळांत कंत्राटावर शिकवलं. मग कर्ज काढून एका वर्षाच्या कोर्सला न्यूझीलंडला गेलो. दिवसा वर्ग, संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये फळ्या भरायच्या. शनिवारी सकाळी जवळच्या क्लबाच्या मैदानावर जाऊन नुसता उभा राहायचो, महाडला राहायचो तसाच. तिथे लहान मुलांचा कोच म्हणजे ज्या बापाला नाही म्हणता आलं नाही तो. एका बापाला नाही म्हणायचंच होतं, त्याने माझ्या हातात शिट्टी दिली. नऊ वर्षांखालची ती टीम सगळ्या मॅचेस हरायची. माझ्या पहिल्या सीझनमध्ये निम्म्या हरली, तेव्हा लोक माझ्याकडे कौतुकाने पाहायला लागले.

आणि त्याच सीझनमध्ये कमिटीने मला बोलावलं. कॉफी दिली, बिस्किटं दिली, हवापाण्याच्या गप्पा झाल्या. मला वाटलं बढती मिळतेय. मग त्यांच्यातली एक बाई फार गोड आवाजात म्हणाली, की आमच्याकडे मुलांवर ओरडत नाहीत. मी म्हटलं, मी ओरडत नव्हतो, हाक मारत होतो. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. माझा पारा चढला होता, पण व्हिसाचे कागद क्लबाच्या शिफारशीवर अडलेले होते. मी मूग गिळून बसलो. त्या दिवसापासून मी मैदानावर चालत जाऊन, मुलीच्या शेजारी गुडघ्यावर बसून, कुजबुजल्यासारखं सांगायला शिकलो. लोक म्हणतात, काय शांत माणूस आहे. बायको म्हणते, शांत कसला, झाकण लावलेलं पातेलं आहे. ती तिथल्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिला अशी पातेली ओळखता येतात.

या शांतपणावर माझी नोकरी उभी राहिली. आधी बिनपगारी, मग तासांवर, मग ज्युनियर विभागाचा प्रमुख. चौदा वर्षांखालच्या मुलींची टीम मी घडवली, ती आता आसपासच्या गावांत कुणाला ऐकत नाही. प्रमुख झाल्यावर मी पहिलं काम केलं ते ड्यूटीचं. मॅचच्या सकाळी गोलाच्या जाळ्या बांधायच्या, रेषेवर झेंडा घेऊन उभं राहायचं, मध्यंतराला संत्री कापून द्यायची, ही कामं दोन-तीन सोशिक आयाच करायच्या आणि बाकीचे आईबाप गाडीत हीटर लावून बसायचे. मी घरागणिक क्रम लावला. जमत नसेल तर घरातलं दुसरं माणूस पाठवा, पण घरातलंच. तीनदा चुकलात तर तुमची मुलगी पुढच्या मॅचला बाहेर. कमिटीत कुरकुर झाली. मी त्यांना आमच्या राखणीची गोष्ट सांगितली. म्हशींचं ऐकून त्या लोकांचे डोळे पाणावले आणि नियम पास झाला. परक्या मुलखात आपली गरिबी चांगली विकली जाते, हे मला तोवर कळलं होतं.

एका मुलीचा बाप रात्री दुधाचा टँकर चालवायचा. तोही बाहेरून आलेला, एका बेटावरचा. बायको नव्हती, घरात तो आणि मुलगी. त्याची ड्यूटी तीनदा चुकली. तिसऱ्या वेळी तो धावत आला, अंगात कामाचाच गणवेश होता. म्हणाला, मी झोपेतून उठू शकलो नाही, पुढच्या वेळेपासून मी कुणाला तरी पैसे देऊन पाठवीन, चालेल का? मी अगदी हळू आवाजात सांगितलं, चालणार नाही. हे काम पैशाचं नाही, घराचं आहे. मुलगी बाकावर बसली. बरी खेळणारी पोर होती. संपूर्ण मॅचभर ती मैदानाकडे न पाहता बुटाच्या नाड्या सोडत आणि बांधत होती.

त्याच आठवड्यात मी ही हकिगत बाबांना फोनवर रंगवून सांगितली. जुलै होता. त्यांच्या मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. मला वाटलं ते शाबासकी देतील. ते म्हणाले, "बरा केलास. नियम तो नियम." मग विचारलं, "ती पोर रडली काय रे?" मी म्हटलं, नाही. "मग ठीक हाय," म्हणाले आणि फोन आईला दिला.

आता मला लाज वाटते ती पुढची गोष्ट सांगायची. त्या जुलैत आमच्या घरची राखण कोण करत होतं, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. आमच्या तिकडे फुटबॉलचा सीझन हिवाळ्यात असतो, म्हणजे आपल्या पावसाळ्यात. वर्षानुवर्षं मी घरी जायचो ते डिसेंबरात. तेव्हा भात कापून झालेलं, गुरं मोकाट, अंगणात ऊन, बाबा ओटीवर पान जुळवत बसलेले. त्या चित्रात राखण नव्हतीच. मी एकुलता एक. आईच्या कमरेला पट्टा. सत्तरी ओलांडलेला बाप पावसात सगळ्या वाडीची गुरं घेऊन सड्यावर जातो, हे समजायला कुणी ज्योतिषी लागत नाही. पण मी समजून घेतलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, अशी माझी गत होती.

हे मला सांगितलं शेजारच्या घरातल्या चुलतभावाने. बाबांचे गुडघे सुजतात, राखणीच्या दुसऱ्या दिवशी उठवत नाही, असं तो फोनवर बोलून गेला. मी लगेच कामाला लागलो. बसल्या जागी गोष्टी सोडवायची मला सवय झाली होती. भावालाच सांगून खालच्या गावातला एक माणूस ठरवला, की आमच्या घरची राखण आली की त्याने जायचं, मजुरी मी पाठवीन. टँकरवाल्याला मी जे नाकारलं तेच स्वतः करतोय, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. मी स्वतःवर खूश होतो. बायकोला म्हटलं, बघ, कसं मार्गी लावलं.

तो माणूस आला. बाबांनी त्याला ओटीवर बसवलं, चहा दिला, भाकरी दिली, आणि "तू बस जरा" म्हणून स्वतः गुरं घेऊन निघून गेले. दोनदा असं झालं. तिसऱ्यांदा तो आलाच नाही. भाऊ मला म्हणाला, "तू तिकडून उंटावरून शेळ्या हाकतोयस. भाड्याचा माणूस राखणीला गेला तर घरात कोण नाय असाच अर्थ होतो ना रे? म्हाताऱ्याला ते कसा चालेल?" मी त्याच्यावर चिडलो. खरं तर हे मला कुणी सांगायला नको होतं, मीच तर कमिटीसमोर सांगत होतो.

पुढच्या वर्षी जुलैत पुन्हा त्याचाच फोन आला. देवळात बैठक झाली होती आणि पंचांनी आमच्या घराची राखण काढून टाकली होती. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको म्हणून, असं कारण सांगितलं. बाबा बैठकीतून उठून घरी आले आणि त्या दिवसापासून देवळाकडे फिरकले नाहीत. वाडीची गुरं आमच्या अंगणावरून सड्यावर जायची, तेव्हा ते आत जाऊन बसायचे.

मी आईला फोन लावला. माझा आवाज चढलेला होता. "आये, काय गो झाला? कुणी काढली राखण?" ती म्हणाली, "तू आधी शांत हो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला एक सांगायचाय. पण फोनवर नको, हे इथंच बसलेत. तू येऊन जा." मी म्हटलं, आता कसा येऊ, आमची फायनल आहे. "मग फायनल झाली की ये. पण आल्या आल्या माझ्याशी बोल." मी हो म्हटलं. प्रॅक्टिसची वेळ झाली होती, मी फोन ठेवला. ती काय सांगणार असेल याचा मी विचारही केला नाही. मला वाटलं, रडणार असेल.

सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. आठ वर्षं ज्या टीमवर घालवली ती पहिल्यांदा फायनलला पोचली होती आणि मला तिथे असायचं होतं, एवढं साधं कारण आहे. तिकडे बाबा गुरांच्या घंटा ऐकून घरात तोंड लपवत होते आणि मी इकडे कॉर्नरच्या चाली बसवत होतो. आम्ही जिंकलो. मुलींनी मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला आणि आम्ही सगळेच चिखलात पडलो. तो फोटो क्लबाच्या भिंतीवर आहे. त्यात मी फार आनंदात दिसतो, आणि होतोही.

ऑगस्ट संपता संपता निघालो. पावसाळ्यात गावी जायची कित्येक वर्षांत माझी पहिलीच वेळ. महाडला उतरलो तेव्हा सावित्री नदी काठोकाठ तांबडी होती. आंबेनळी घाटात दरड आल्याने पोलादपूरच्या स्टँडवर महाबळेश्वरच्या गाड्या अडकून पडल्या होत्या. आमच्याकडे वर जाणारी जीप मात्र चालू होती. त्या पूर्ण रस्त्यात मी मनातल्या मनात भाषण करत होतो. बैठकीत काय बोलायचं, कुणाला काय सुनवायचं. इतकी वर्षं झाकण लावलेलं सगळं आत खदखदत होतं.

घरी पोचलो तर बाबा ओटीवर. मला पाहून उठले, पण गुडघ्याने साथ दिली नाही, खांब धरला. आईने पाणी आणलं आणि डोळ्यांनी मला आत ये म्हणून खुणावलं. मी म्हटलं, आधी पंचांकडे जाऊन येतो. "अरे, दम धर जरा. च्या तरी पी," ती म्हणाली. मी म्हटलं, चहा परत आल्यावर घेतो. तिने दारापर्यंत येऊन माझा हात धरला होता, हे आठवतं. मी तो सोडवून घेतला.

संध्याकाळी देवळात सगळे जमले. मी आलोय म्हटल्यावर बायकाही येऊन पायरीशी बसल्या, आईही त्यांच्यात होती. मी उभा राहिलो आणि पोटातून आवाज काढला. इतक्या वर्षांनी तो आवाज मलाच अनोळखी वाटला. आमच्या घराला कुलूप लागलंय काय, असं विचारलं. माझ्या बापाने जन्मभर या वाडीची गुरं राखली, एकाच्याही शेतात कधी म्हैस गेली नाही, आणि आज तुम्ही त्याला गावातून उठवता? मी परदेशात असलो तरी मेलो नाही. असं बरंच. मुख्य पंच बाबांच्याच वयाचे, लहानपणी मला खांद्यावर बसवून सड्यावर नेलेले. ते मान खाली घालून ऐकत होते. एकदा फक्त त्यांनी पायरीकडे, बायकांच्या बाजूला पाहिलं. मग म्हणाले, "बाळा, कुणी अपमान नाय केला रे. म्हाताऱ्याला बरा पडावा म्हणून केला."

"तुम्हाला विचारलं होतं कुणी?" मी ओरडलो.

ते गप्प बसले. मला वाटलं, निरुत्तर केलं.

शेवटी पंच म्हणाले, "बरा. तुमचा आग्रह हाय तर राखण परत ठेवू. घरातून जाणार कोण, ते सांगा."

मी तोंड उघडायच्या आत बाबा उभे राहिले. या वेळी खांब धरला नाही. "मी हाय की," म्हणाले.

देवळातून घरी येताना ते माझ्यापुढे चालत होते. ओळखीच्या प्रत्येकाला हाक मारून उगाचच काहीतरी विचारत होते. घरी आल्यावर त्यांनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या आणि लवकर झोपले. मी चुलीपाशी आईजवळ बसलो आणि मोठ्या फुशारकीने विचारलं, "तू काय सांगणार होतीस?"

ती निखारे सारखे करत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "राखण काढायला मीच सांगितला होता पंचांना."

मला कळायला वेळ लागला.

जून लागल्या लागल्या एक दिवस बाबा ओढ्यात पडले होते. गुरांच्या मागे उतरताना पाय सटकला आणि बराच वेळ उठता आलं नाही. घरी येऊन त्यांनी आईला शपथ घातली होती की पोराला सांगायचं नाही. आई दुसऱ्या दिवशी कमरेचा पट्टा बांधून एकटीच पंचांच्या घरी गेली. आमच्या वाडीत घरच्या बाईने जाऊन राखण काढा म्हणणं, म्हणजे आमच्या घरात आता माणूस नाही, असं तोंडाने कबूल करणं. ते तिने केलं. पंचांकडून वचन घेतलं की हे बाबांना कधी कळू द्यायचं नाही, जो काय राग येईल तो गावावर येऊ दे. पंचांनी ते पाळलं. माझी सगळी आरडाओरड त्यांनी तिच्यासाठी ऐकून घेतली, भर देवळात, सगळ्या गावासमोर, आणि ती पायरीवर बसून ऐकत होती.

"मी उद्या जाऊन सांगतो त्यांना," मी म्हटलं. "राखण नको म्हणून सांगतो."

"आता काय सांगशील? ह्यांना काय कारण देशील? आज किती दिवसांनी ते जेवले, बघितलास ना?" मग म्हणाली, "आणि माझा नाव निघाला तर ते माझ्या हातचा पाणी पिणार नायत. ऱ्हाऊ दे आता." ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्यासाठी दूध गरम केलं.

मी होतो तेवढ्यात आमची राखण एकदा आली. मी एकटा जातो म्हटलं, तर बाबा हसले. "तुझी हाक विसरली असतील ती," म्हणाले आणि बरोबर निघाले. गुरांनी खरंच माझ्याकडे लक्ष दिलं नाही. बाबा आडवे पाय टाकत उतार उतरत होते. ओढ्याशी आल्यावर ते एका दगडावर बसले आणि बसल्या बसल्याच सरकत पलीकडे गेले. मला वाटलं, मी बघतोय याची त्यांना लाज वाटेल. त्यांना लाज वाटली नाही. वळून मला म्हणाले, "हितं असाच उतरायचा, नायतर पाय जातो." मला पुढच्या वेळेसाठी शिकवत होते. शनिवारी माझं विमान होतं.

क्लबात परत गेलो तेव्हा पुढच्या सीझनच्या यादीतून टँकरवाल्याच्या मुलीचं नाव गळालेलं होतं. तो तिला दुसऱ्या क्लबात घेऊन गेला, असं कळलं. ड्यूटीचा नियम मी अजून काढलेला नाही. काढायला हवा, हे समजतं. कमिटीत विषय काढायचा म्हणतो आणि दर बैठकीला राहून जातो. राखणीची गोष्ट मात्र आता कुणाला सांगत नाही.

यंदा पाऊस लवकर लागला. प्रॅक्टिसच्या आधी मी मैदानाबाहेर गाडीत बसून घरी फोन केला. तिकडे सकाळ होती. आईने उचलला.

"बाबा कुठं?"

"राखणीला गेलेत."

"पाऊस?"

"हाय ना. चार दिवस थांबला नाय."

"बरोबर कोण हाय गो?"

"कोण असणार?" ती म्हणाली. मग मला बरं वाटावं म्हणून तिने पुढचं सांगितलं. "खूश हायत पण ते. सकाळी निघताना दारात उभे ऱ्हाऊन सगळ्यांना सांगत होते, माझ्या पोरानं गावाला वठणीवर आणलान."

मुली मैदानावर जमल्या होत्या आणि त्यातली एक काचेवर टकटक करत होती. मी तिला हाताने थांब म्हणून खूण केली आणि आईला विचारलं, निघताना त्यांनी काठी घेतली होती का. ती म्हणाली, नाही, काठी नको म्हणाले.